रक्ताची साक्ष

बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश व पश्चिम बंगाल या चार राज्यांतील ५४ जिल्ह्यांत ठाण मांडून बसलेला काळा आजार आटोक्यात आला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. १९९२ साली देशात या रोगाचे ७७ हजारांवर रुग्ण व १,४१९ मृत्यू नोंदले गेले होते. २०२३ अखेर सर्व ६३३ बाधित गटांत दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट गाठल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. मुदतीमागून मुदती उलटून गेल्यावर मिळालेले हे यश कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र रोग नाहीसा झाला असा या आकड्याचा अर्थ नव्हे. तो तसा का नव्हे, हे रुग्णाच्या रक्ताकडे पाहिले असता कळते.

वाळूमाशीच्या दंशातून शरीरात शिरणारा हा परजीवी १९०३ साली लिशमन व डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे ओळखला. त्याच्या वस्तीची जागा विलक्षण आहे. आगंतुक जंतूंना गिळून पचविणे हे ज्या भक्षक पेशींचे काम, त्यांच्याच पोटात तो वाढतो. पोलीस चौकीतच चोराने बिऱ्हाड थाटावे, तसा. प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा अशा पेशींनी भरून जातात. मज्जेत नव्या रक्तपेशी पुरेशा तयार होत नाहीत आणि ज्या होतात त्या फुगलेली प्लीहा अडवून नष्ट करते. परिणामी तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास साह्य करणाऱ्या बिंबिका, तिन्ही घटतात. जंतांचा उपद्रव असलेल्या मुलखात ज्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या दिसाव्यात, त्या तर पुष्कळदा औषधालाही सापडत नाहीत. रुग्ण पांढराफटक पडतो, नाकातून-हिरड्यांतून रक्त येऊ लागते आणि उपचार न मिळाल्यास बहुधा न्यूमोनिया किंवा क्षयासारखा दुसराच रोग त्याचा बळी घेतो.

शरीर या काळात स्वस्थ बसलेले नसते. प्रतिपिंडांचा त्यात अक्षरशः पूर येतो. पूर्वी रुग्णाच्या रक्तद्रवात फॉर्मॅलिनचा थेंब टाकून परीक्षा करीत. तो द्रव उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा थिजला की काळ्या आजाराचे निदान करीत. पण या पुराचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण शत्रू पेशीच्या आत सुरक्षित असतो. तेथे त्याला मारावयाचे तर टी-पेशींनी भक्षक पेशींना चेतविले पाहिजे. मुझफ्फरपूरच्या रुग्णांवरील संशोधनातून असे दिसले, की त्यांच्या टी-पेशी निकामी झालेल्या नसतात. परंतु प्लीहेतील काही टी-पेशीच इंटरल्युकिन-१० नावाचे द्रव्य सोडतात. एरवी दाह आवरणारे हे द्रव्य येथे भक्षक पेशींचे हात बांधून ठेवते. योग्य औषध मिळाले म्हणजे हे बंधन सुटते आणि रक्तही हळूहळू भरून येते.

हे बारकावे डॉक्टरांपुरतेच आहेत असे मानणे चूक ठरेल. आरोग्य खात्याचे पुढचे धोरण त्यांवरच अवलंबून आहे. आज निदानासाठी वापरली जाणारी पट्टी प्रतिपिंडेच ओळखते आणि ती प्रतिपिंडे बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षे राहतात. म्हणजे रोग उलटला की नाही हे पट्टी सांगू शकत नाही. त्यासाठी मज्जेचा अथवा प्लीहेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा जाणकार लागतो. रुग्ण दुर्मिळ झाले की हे कसब प्रथम लोपते. रोजगारासाठी मुंबई-सुरतेस आलेल्या बिहारी मजुरास कित्येक महिन्यांनी ताप आला, तर तेथील डॉक्टर हिवताप, क्षय, फार तर रक्ताचा कर्करोग शोधणार! एचआयव्ही झालेल्यांत तर टी-पेशीच खचलेल्या असल्याने हा आजार पुनःपुन्हा उलटतो. याखेरीज, बरे झालेल्या काहींच्या अंगावर पुढे फिकट चट्टे वा गाठी उठतात. त्या दुखत नाहीत म्हणून कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. पण परजीवी त्या त्वचेत असतो आणि वाळूमाशी तो तेथून पुढे नेऊ शकते.

हे सारे पूर्वी एकदा घडून गेले आहे. हिवतापासाठी केलेल्या डीडीटी फवारणीने १९६०च्या सुमारास काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला होता. फवारणी थांबली, आणि १९७७ साली उत्तर बिहारात मोठी साथ उसळली. तेव्हा निदान रोग विसरला गेला होता ही सबब होती. आज ती चालणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळण्यासाठी हे उद्दिष्ट सलग तीन वर्षे टिकवावे लागते. त्या प्रमाणपत्राबरोबर कार्यक्रमाचा पैसा व माणसे अन्यत्र वळविण्याचा मोह होईल. तो आवरून प्रत्येक बाधित गटात, पंधरवड्याहून अधिक ताप व वाढलेली प्लीहा असलेल्या रुग्णाची रक्तपेशींची मोजणी आणि पट्टी-तपासणी विनाशुल्क व त्याच दिवशी होईल, अशी व्यवस्था कायम ठेवली पाहिजे. जिल्हा रुग्णालयात मज्जेची तपासणी करू शकणारा एक तरी डॉक्टर हवा, प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी हवी आणि बरे झालेल्यांच्या घरी, त्यांची त्वचा पाहण्यासाठी, आरोग्यसेविकेची फेरी काही वर्षे तरी चालू राहावयास हवी.