स्टीअरिंग जड झालं म्हणून...

ऑफिसातला एसी आणि गाडीचं पॉवर स्टीअरिंग, दोघांची गंमत सारखीच. चालू असतात तोवर आठवणही येत नाही, बंद पडले की घाम फुटतो! त्यात गाडी कॉन्टेसा असेल तर विचारूच नका. लांबलचक बॉनेट, वजनदार नाक... ती पार्क करणं म्हणजे जिमची फी वसूल.

कॉन्टेसा आठवतेय ना? आपल्या बाबा-काकांच्या पिढीची ड्रीम कार. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ मध्ये आणली, २००२ मध्ये बंद केली. माझ्या मामांनी मात्र निलंग्यात आपली अजून जपलीये; नंतरच्या मॉडेलची, पॉवर स्टीअरिंगवाली. गेल्या दिवाळीत तिचं स्टीअरिंग एकदम दगड झालं आणि वळवलं की बॉनेटखालून गुरगुर सुरू. शहरातल्या एका गॅरेजने फोनवरच निकाल दिला - पंप गेला, स्टीअरिंग बॉक्स गेला, पार्ट मिळत नाहीत, भंगारात काढा. मामीही त्याच पार्टीत. मामा उखडले, ‘माजे बी गुडघे धरलेत. मलाबी घाल की मग भंगारात!’

शेवटी गाडी गेली गावातल्याच ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडे. तो म्हणाला, ‘मालक, आधी तेल बगू, मग पट्टा, मग पाइप. पंपाचं नाव सगळ्यात शेवटी.’

ही ऑर्डर पाठ करून ठेवा, बॉस. इंजिन पट्ट्याने पंप फिरवतं, पंप तेलावर दाब देतो आणि तुम्ही स्टीअरिंग वळवाल त्या बाजूला ते तेल जोर लावतं. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो आणि गुरगुरतो. इथेही तेच निघालं. डबा जवळपास रिकामा, पट्टा टाइट आणि पंपातून निघणारा प्रेशरचा पाइप तोंडाशी ओला! इतक्या वर्षांच्या उष्णतेने रबर चिरलं होतं. टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो. या पाइपात दाब हजाराच्या आसपास जातो. म्हणूनच गळती कधी हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा फिरवून बघायची.

कॉन्टेसाचा पाइप निलंग्यात कुठून मिळणार? पण उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि जेसीबी आहेत ना! त्यांचे हायड्रॉलिक पाइप प्रेस करणाऱ्याने जुनी तोंडं ठेवून मध्ये दाब आणि गरम तेल सोसणारा नवा होज बसवून दिला. मग पुढची चाकं उचलली, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत तेल भरत राहिलो. तेल अर्थात मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच. इंजिन चालू केलं... गुरगुर गायब! पंप आणि बॉक्स ठणठणीत.

चालत्या गाडीत असं झालं तर घाबरू नका. स्टीअरिंग लॉक होत नाही, फक्त जड होतं. दोन्ही हातांनी धरून वेग कमी करा, गाडी कडेला घ्या. टेम्परेचरच्या काट्यावरही नजर टाका, कारण पट्टाच तुटला असेल तर काही गाड्यांत पाण्याचा पंपही थांबतो. आणि एरवीही स्टीअरिंग शेवटच्या टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका.

२०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’चा मान पन्नाशी ओलांडलेल्या गाडीलाच. म्हणजे अगदी पहिल्या कॉन्टेसालाही २०३४ उजाडणार. तोवर अशा किती गाड्या एका रबरी पाइपापायी भंगारात जातील, कोण जाणे. तुमच्याही घरी अशी एखादी म्हातारी ताडपत्रीखाली असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी तिचा तेलाचा डबा उघडून बघा. आणि शहरात कुणी दाद देईना, तर सरळ ट्रॅक्टरचं गॅरेज गाठा!