रिपोर्ट चांगला आला, तरी गोळी चुकवू नका

“रिपोर्टात विषाणू सापडला नाही. मग आता गोळ्या कशाला?” बाळकुम, माजिवडा, कोलशेत भागातल्या घरांत हा प्रश्न वारंवार विचारला जातो. औषधाने तब्येत सुधारते, माणूस पुन्हा पाळीवर जाऊ लागतो आणि मग रोजच्या गोळीचा कंटाळा येतो. एचआयव्हीचा विषाणू पेशीत शिरून काय करतो हे समजले, की या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

हा विषाणू एकटा वाढू शकत नाही. रक्तातल्या सीडी-४ पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. तो नेमका त्यांनाच चिकटून आत शिरतो. त्याच्याजवळ आरएनए नावाची चिठ्ठी असते. आपल्या पेशीत डीएनए ही कायमची खतावणी असते आणि तिच्यावरून कामापुरत्या चिठ्ठ्या निघतात. विषाणूचा व्यवहार उलटा आहे. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे त्याचे एन्झाइम चिठ्ठीवरून डीएनए तयार करते आणि इंटिग्रेज हे दुसरे एन्झाइम तो डीएनए आपल्या खतावणीत घुसडते. एकदा झालेली ही खोटी नोंद खोडता येत नाही.

त्यानंतर आपलीच पेशी विषाणूचा माल काढू लागते. प्लॅस्टिकच्या कारखान्यात काम केलेल्यांना ठाऊक आहे, की साच्यातून नग एकमेकांना जोडलेले निघतात आणि ते कापून सुटे केल्याशिवाय माल उपयोगाचा होत नाही. विषाणूची प्रथिनेही अशीच लांब, जोडलेली तयार होतात. पेशीतून बाहेर पडलेला नवा विषाणू कच्चाच असतो. प्रोटिएज नावाची त्याची कात्री ती प्रथिने ठरावीक जागी कापते, तेव्हा आतला गाभा शंकूसारखा घडतो आणि विषाणू पक्व होतो. कात्री अडवली तर विषाणू बाहेर पडतो, पण दुसऱ्या पेशीला लागण करू शकत नाही.

ही कात्री दोन सारख्या पात्यांची आहे. प्रत्येक पाते ९९ अमिनो आम्लांचे. आपल्या जवळच तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एम. व्ही. होसूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला. कापलेला तुकडा तोंडातच असताना कात्री कशी दिसते, ही रचना त्यांनी २००६ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रसिद्ध केली. कुलपाचे भोक पाहून किल्ली घडवावी, तशी अशा माहितीवरून औषधे घडवता येतात. कात्री अडवणारे पहिले औषध अमेरिकेत १९९५ साली मंजूर झाले होते.

तेव्हा हे उपचार गरिबाच्या आवाक्याबाहेर होते. वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर जाई. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा साठा ३५० डॉलरला देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधे सुरू केली. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

आज सरकारी केंद्रात सुरुवातीला मिळणाऱ्या गोळीत तीन औषधे असतात. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन चिठ्ठीचा डीएनए होऊ देत नाहीत, डोलुटेग्राव्हिर खोटी नोंद होऊ देत नाही. कात्री अडवणारी औषधे बहुधा पुढच्या टप्प्यावर दिली जातात.

आता मूळ प्रश्न. गोळी नवी नोंद थांबवते, जुनी पुसत नाही. काही पेशींत ती वर्षानुवर्षे झोपून राहते. रिपोर्ट रक्तातला विषाणू मोजतो, ही झोपलेली नोंद नाही. गोळी थांबली की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढतो. शिवाय नक्कल करताना तो सतत चुका करतो. अधूनमधून गोळी चुकली, तर अर्धवट औषधात टिकणारी नक्कल उरते आणि तेच औषध पुढे निरुपयोगी ठरते.

नियमित गोळीने विषाणू न सापडण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर मातेने वेळेवर उपचार घेतले, तर बाळाला लागण होण्याची शक्यता फारच कमी होते. ताट, पेला, शेजारी बसणे यांतून तर हा विषाणू पसरतच नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या विटाळ सोसला, त्याच्या घरात आजारी सुनेचे ताट वेगळे ठेवले जावे, हे आपल्याला शोभत नाही. नोकरीत, शाळेत, रुग्णालयात भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

शंका असेल त्याने सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी करून घ्यावी किंवा १०९७ या मोफत क्रमांकावर विचारावे. आणि घरात कोणी गोळी घेत असेल, तर रात्री जेवण झाल्यावर एवढेच विचारा, “आजची गोळी घेतली का?”