घरातला सर्वांत कष्टाळू विद्यार्थी

‘एवढ्याशा पोराला काय कळतंय?’ असे आपण सहज म्हणून जातो. शिक्षण म्हणजे पाटी, शाळा आणि परीक्षा. त्याआधीची दोन-तीन वर्षे म्हणजे खाणे, झोपणे आणि उपद्व्याप, असा आपला समज. माझे मत नेमके उलट आहे. माणूस आपला सर्वांत अवघड अभ्यास याच काळात करतो, आणि आपण मोठी माणसे त्यात बहुधा अडथळाच आणतो.

चालण्याचेच पाहा. कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचे मोकळे खेळणे न्याहाळले. मूल तासाला सरासरी २३६८ पावले टाकते आणि १७ वेळा पडते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. सतरा वेळा आपटूनही अठराव्यांदा उभा राहणारा विद्यार्थी आपल्या वर्गात किती जणांनी पाहिला आहे? आपला लाकडी पांगुळगाडा मूल उभे राहून स्वतः ढकलते. तोल त्याचा त्यालाच सावरावा लागतो. बाजारातल्या नव्या चाकगाडीत मात्र ते आयते बसते आणि घरभर घरंगळते. जिन्यावरून पडून होणाऱ्या इजांमुळे कॅनडाने २००४ साली अशा गाड्यांवर बंदी घातली.

तीच गोष्ट चमच्याची. नऊ महिन्यांचे मूल भरलेला चमचा सवयीच्या हाताने उचलते; दांडा उलट्या बाजूला असला तर घासाऐवजी दांडाच तोंडात जातो. दीड वर्ष ओलांडलेले मूल दांडा कोठे आहे ते आधी पाहते आणि मग हात निवडते. हे शहाणपण मधल्या काळात वरणभात सांडूनच येते. आपण मात्र कपडे खराब होतील म्हणून भरवीत बसतो.

भाषेची कथा तर थक्क करणारी आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ऐकू येतो, वर्ष पुरे होता होता बहुतेकांच्या बाबतीत ती जाण मावळते, असे वर्कर आणि टीज यांनी १९८४ साली दाखवले. कानावर पडेल तेच टिकते. पण कानावर पडणे म्हणजे काय? पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे समोर बसून खेळणाऱ्या माणसांकडून चिनी भाषेचे ध्वनी शिकली. तेच बोलणे पडद्यावर पाहणारी बाळे काहीच शिकली नाहीत. रडणाऱ्या बाळाच्या हाती मोबाईल देणाऱ्यांनी यावर विचार करावा.

कोणी म्हणेल, ‘ज्या माउलीला दिवसभर मजुरी करावी लागते, तिने हे केव्हा करायचे?’ प्रश्न रास्त आहे. पण याचा भार एकट्या आईवरच का? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला, गरिबांच्या अंगणात बालशिक्षण नेले. त्यासाठी महागडी खेळणी लागली नाहीत. अंगण, आजूबाजूच्या साध्या वस्तू आणि मायेने बोलणारे माणूस एवढ्यावर काम झाले.

आपल्यापैकी कोणी उद्या आईबाप होईल, कोणी शिक्षक. पण ताई, दादा, मामा, आत्या तर आपण आजच आहोत. घरातल्या त्या चिमुकल्याला पडू द्यावे, सांडू द्यावे, आणि त्याच्या बोबड्या प्रश्नाला मान वर करून उत्तर द्यावे. यासाठी पदवी लागत नाही.