स्पाउट काठावर थांबत नाही

ऑन्टॅरिओतल्या मराठी मंडळींनो, उन्हाळ्यात लेक ह्युरॉनच्या काठी आपल्या सहली ठरलेल्या असतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा वॉटरस्पाउटचाही मोसम. तापलेल्या पाण्यावर गार हवा आली की ढगातून पाण्यापर्यंत सोंड उतरते. दिसते देखणी, म्हणून सगळे मोबाइल काढून उभे राहतात. कृपा करून उभे राहू नका.

बरेचसे स्पाउट दुबळे असतात, जमिनीला लागले की विरतात. काही मात्र गडगडाटी वादळातून उतरलेले खरेखुरे टोर्नॅडो असतात, आणि काठावरून फरक ओळखेन म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. 21 ऑगस्ट 2011 रोजी, रविवारी दुपारी, असाच एक ह्युरॉनवरून गॉडरिच या लहानशा गावात घुसला. बंदरावरच्या मिठाच्या खाणीत एक कामगार दगावला. गाव उंच कड्यावर वसलेलं, तरी वादळ कडा चढून थेट मधल्या अष्टकोनी चौकात आलं. वारा ताशी सुमारे 280 किलोमीटर. जुन्या इमारतींची छपरं उडाली, चौकातल्या कोर्टाभोवतीची मोठाली झाडं आडवी झाली, 37 माणसं जखमी झाली.

उन्हाळ्यात आपल्याकडे भारतातून आई-वडील आलेले असतात. वादळ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर तिकडचं चक्रीवादळ येतं. 2020 चं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडात धडकणार हे आधीच कळलं होतं, गावं हलवायला वेळ मिळाला. इथे हातात मिनिटं असतात. तेव्हा धोक्याच्या इशाऱ्याने मोबाइल मोठ्याने कर्कश वाजला तर तो बंद करायचा नाही, बेसमेंटमध्ये जायचं, हे त्यांना आल्याच्या दिवशीच सांगून ठेवा. बेसमेंट नसेल तर तळमजल्यावरची, खिडकी नसलेली, आतली खोली. किनाऱ्यावर असाल तर जवळच्या पक्क्या इमारतीत जा. तंबू आणि ट्रेलर कामाचे नाहीत. बोटीत असाल तर लाइफ जॅकेट घाला, आणि स्पाउट ज्या दिशेने सरकतोय तिला काटकोनात बोट काढा.

वादळ गेल्यावर घाई नडते. खाली पडलेली वीजतार मेलेली आहे असं समजू नका. गॅसचा वास आला तर बाहेर पडून मग फोन करा. छपरावर चढायचा उत्साह आवरा, आणि लोंबकळत्या फांद्यांना करवत लावणं जाणत्या माणसावर सोडा. आवराआवरीच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, ताडपत्रीपासून हॉटेलपर्यंत सगळ्या पावत्या ठेवा. दुसऱ्या दिवशी दारात ‘छप्पर लगेच करून देतो’ म्हणणारा येईल. लेखी अंदाजपत्रकाशिवाय त्याला आगाऊ पैसे देऊ नका. आणि भाड्याने राहत असाल तर सामानाचा विमा तुमचा तुम्हालाच काढावा लागतो. घरमालकाच्या पॉलिसीत तुमचा सोफा, टीव्ही येत नाही.