शिबिर परदेशात, प्रश्न रुळावर



काही वर्षांपूर्वी युनियनच्या वतीने मला एका परदेशी प्रशिक्षण शिबिराला पाठवण्यात आले. शिबिर पाच दिवसांचे होते. वाहतूक उद्योगातील बदल आणि संघटनेची बांधणी असा विषय होता. दहावी शिकलेला, वर्कशॉपमध्ये खलाशी म्हणून लागलेला माणूस विमानात बसला याचेच घरच्यांना अप्रूप. परत आलो तेव्हा सहकाऱ्यांनी स्टेशनवर हार घातले. शाखा कार्यालयात सभा झाली. तिथली स्वच्छता, गाड्यांचा वेग, वेळेची शिस्त यावर मी अर्धा तास बोललो. टाळ्या पडल्या.

मग मागच्या बाकावरून एक गँगमन उठला. कागदावर त्याला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात, पण बोलताना तो गँगमनच आहे. त्याने विचारले, "भाऊ, तिकडे गँग कामावर असताना गाडी येतेय हे त्यांना कोण सांगतं? आपल्यासारखा झेंडीवालाच, की दुसरं काही असतं?"

मला उत्तर देता आले नाही. पाच दिवसांत मी व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा जमवला होता, गटचर्चेत भाग घेतला होता, फोटो काढले होते. हा साधा प्रश्न मात्र मी कोणालाही विचारला नव्हता. विचारणाऱ्याच्या गँगमधला जोडीदार दोन पावसाळ्यांपूर्वी कामावर असताना गाडीखाली गेला होता. पावसाच्या आवाजात त्याला शिट्टी ऐकू आली नव्हती. ही गोष्ट मला ठाऊक होती, तरीही ती मी बरोबर घेऊन गेलो नव्हतो.

त्या सभेपासून माझे जे मत बनले आहे ते आज मांडतो. देशादेशांतील संघटनांनी एकमेकांकडून शिकले पाहिजे, यात वाद नाही. पण हे शिक्षण शाखेतल्या प्रश्नापासून सुरू झाले पाहिजे आणि उत्तर घेऊन शाखेतच परत आले पाहिजे. तसे होत नसेल तर तो प्रवास पुढाऱ्याचा होतो, संघटनेचा होत नाही.

आपल्यातले काही सभासद म्हणतात की ही परदेशवारी म्हणजे चैन आहे, वर्गणीचे पैसे इथेच खर्च करा. त्यांचा राग मी समजू शकतो. पण त्यांनी आपल्या ड्यूटी रोस्टरचा इतिहास एकदा पाहावा. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांच्या बाजूने ना. म. जोशी तिथे गेले होते. त्या परिषदेच्या पहिल्याच करारात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरले. हिंदुस्थानसाठी मात्र वेगळे कलम घालून आठवड्याला ६० तास ठेवण्यात आले, आणि त्यात रेल्वेच्या काही कामांचाही समावेश होता. ६० तास म्हणजे अन्यायच, पण निदान मर्यादा नावाची गोष्ट कागदावर आली. अशा परिषदेत आपला प्रतिनिधी सरकारने नेमू नये, कामगारांनी निवडावा, ही भावना १९२० साली मुंबईत आयटक स्थापन होण्यामागच्या कारणांपैकी एक होती.

पुढे १९३० साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९३१ साली कामाच्या तासांचे नियम आले. आपण ज्याला 'हवर्स ऑफ एम्प्लॉयमेंट' म्हणतो ते हेच. राजाध्यक्ष निवाड्याने १९४७ साली 'कंटिन्युअस' कामगाराचे तास ५४ वर आणले. १९६९ साली नेमलेल्या मियांभॉय न्यायाधिकरणाने ते ४८ केले. स्टेशन मास्तरच्या खोलीत भिंतीला टांगलेल्या रोस्टरचे एक टोक असे वॉशिंग्टनला बांधलेले आहे. पण हेही लक्षात घ्या की ६० चे ४८ व्हायला पन्नास वर्षे लागली, आणि ती वर्षे आपल्या माणसांनी इथे लढून काढली. परदेशात जे ठरले त्याचा उपयोग झाला तो इथे त्यामागे उभी राहणारी संघटना होती म्हणून.

आता रेल्वेपुरते बोलतो. गेल्या चाळीस वर्षांत खाजगीकरणाचे प्रयोग अनेक देशांत झाले. त्यांची किंमत तिथल्या कामगारांनी आणि प्रवाशांनी मोजली. आपल्याला ती मोजावी लागू नये असे वाटत असेल, तर त्यांचे अनुभव आपल्या लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोचायला हवेत.

ब्रिटनचे उदाहरण घ्या. १९९४ पासून तिथली रेल्वे तुकडे करून खाजगी हातांत दिली गेली. रूळ एका कंपनीकडे, गाड्या दुसऱ्यांकडे, देखभाल ठेकेदारांकडे. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्डजवळ धावत्या गाडीखाली रूळ तुटला आणि चार प्रवासी मेले. त्या रुळाला तडे गेल्याचे आधीपासून माहीत होते, पण तो बदलला गेला नव्हता. २००२ साली रुळांचा कारभार नेटवर्क रेल या नव्या संस्थेकडे गेला आणि पुढच्या दोन वर्षांत देखभालीचे काम ठेकेदारांकडून काढून तिने स्वतःच्या कामगारांकडे घेतले. प्रवासी गाड्याही परत सार्वजनिक मालकीत आणण्याचा कायदा तिथे २०२४ साली झाला. आपल्याकडे ठेकेदारीचे फायदे सांगणाऱ्या अधिकाऱ्यापुढे हा इतिहास तारखांसह ठेवता आला पाहिजे.

जपानचा धडा वेगळा आहे. १ एप्रिल १९८७ रोजी तिथल्या राष्ट्रीय रेल्वेचे सात कंपन्यांत तुकडे झाले. संघटना सोडली नाही म्हणून आपल्याला नव्या कंपन्यांत घेतले नाही, असे म्हणणारे १०४७ कामगार शेवटपर्यंत लढले. तडजोड झाली २०१० साली. त्याआधी, २५ एप्रिल २००५ रोजी, आमागासाकी येथे एक लोकल वळणावर घसरली आणि १०६ प्रवासी व मोटरमन मेले. वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर होती, गाडी ११६ ने धावत होती. मोटरमन २३ वर्षांचा होता. आधीच्या स्टेशनवर गाडी फलाटापुढे गेल्याने दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला होता. अशी चूक झाली की मोटरमनला गाडीवरून उतरवून 'प्रशिक्षण' नावाखाली दिवसेंदिवस बसवून ठेवायचे, निबंध लिहून घ्यायचे, पाणउतारा करायचा, अशी त्या कंपनीची पद्धत होती. या मुलाने ती शिक्षा आधी भोगली होती. शिक्षेच्या धास्तीने त्याचे लक्ष गाडी चालवण्यावरून उडाले असावे, असे चौकशीत पुढे आले.

आपल्या कोणत्याही रनिंग रूममध्ये ही हकिकत सांगा. तिचा अर्थ समजावून सांगण्यासाठी तज्ज्ञ लागणार नाही. पण ती सांगितली गेली आहे का? आपल्या किती शिबिरांतून कोणी ती मराठीत, हिंदीत, तेलुगूत लिहून आणली? नागपूर, भुसावळपासून इटारसी, झाशी, सिकंदराबाद, हुबळीपर्यंत मराठी बोलणारे रेल्वेमन पसरलेले आहेत. त्यांच्या हाती पडतो तो फोटोचा अल्बम. माहिती पडून राहते ती इंग्रजी फायलीत, कार्यालयाच्या कपाटात.

शेजाऱ्यांचा तर आपल्याला विसरच पडला आहे. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका यांचा ब्रॉडगेज आणि आपला ब्रॉडगेज एकच, १६७६ मिलिमीटर. ही सगळी रेल्वे एकाच राजवटीत वाढली. तिथलाही कामगार पाना-हातोडा खांद्यावर घेऊन, तशाच उन्हापावसात रूळ तपासत चालतो. युरोपातल्या यंत्रांपेक्षा कदाचित त्याच्याकडची युक्ती आपल्याला लवकर लागू पडेल. व्हिसा मिळत नाही, सरकारांचे आपसांत पटत नाही, हे खरे. पण आता समोरासमोर बोलायला मोबाइल पुरतो. लंडनमध्ये १८९६ साली खलाशी आणि गोदी कामगारांच्या पुढाऱ्यांनी ज्या आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाची सुरुवात केली, त्यांच्याकडे पत्र आणि जहाज एवढेच होते.

दुसरी एक खोड आपण सोडली पाहिजे. परदेशी पाहुणा आला की आपण विद्यार्थी होऊन बसतो. आपल्याकडे शिकवण्यासारखे काही नाही का? अहमदाबादच्या सेवा संघटनेची युनियन म्हणून नोंदणी १९७२ साली झाली. घरी बसून विड्या वळणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या बाईला कामगार म्हणायला तेव्हा कोणी तयार नव्हते. त्या बायांनी देशोदेशीच्या संघटनांना बरोबर घेतले आणि १९९६ साली जिनिव्हाला घरखेपी कामगारांचा करार झाला, क्रमांक १७७. आपल्या महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. आज एका मालकाकडे, उद्या दुसऱ्याकडे ओझे वाहणाऱ्या हमालाची नोंद मंडळाकडे, मालकांनी मजुरीबरोबर लेव्ही भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. आज मोबाइलवर ऑर्डर घेऊन डबे पोचवणाऱ्या पोरांचा मालक कोण, यावर जगभर चर्चासत्रे चालली आहेत. राजस्थानने २०२३ साली या कामगारांसाठी कायदा केला, त्यातही नोंदणी, मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क हीच वाट आहे. परदेशी मित्रांनी ही गोष्ट मुंबईच्या मशीद बंदरात, माथाड्यांच्या तोंडून ऐकावी.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. परदेशी निधीवर चालणारे प्रशिक्षण निधी देणाऱ्याच्या विषयावर चालते. परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा २०२० साली आणखी कडक झाला आणि एका संस्थेने आलेला निधी दुसरीला देण्याची वाटच बंद झाली. अनेक लहान संस्थांची कामे त्यामुळे थांबली. सरकारच्या या धोरणाचा निषेध जरूर करावा, पण आपणही बोध घ्यावा. युनियनचे शिक्षण मुख्यतः सभासदांच्या वर्गणीवर उभे असावे. वर्गणीतून शिक्षणासाठी थोडी रक्कम राखून ठेवली तर विषय आपण ठरवू, माणूसही आपण निवडू.

म्हणून महासंघाच्या पदाधिकाऱ्यांपुढे मी पुढील सूचना ठेवतो.

१) परदेशी शिबिराला जाणाऱ्यांत निदान एक तृतीयांश प्रत्यक्ष काम करणारे सभासद असावेत. त्यांत ट्रॅकवर काम करणाऱ्या आपल्या भगिनीही असाव्यात. भाषेची अडचण असेल तर दुभाषाची मागणी आधी करावी.

२) जाण्यापूर्वी शाखांकडून लेखी प्रश्न मागवावेत आणि प्रतिनिधीने ते खिशात घालून जावे.

३) परतल्यावर महिन्याच्या आत दोन पानांचा अहवाल सभासदांच्या भाषेत द्यावा. अहवाल नाही तर पुढची संधी नाही.

४) पाहुणे येतील तेव्हा हॉटेलातल्या सभागृहाबरोबर एक दिवस त्यांना गँगहटवर, यार्डात, रनिंग रूममध्ये न्यावे.

माझ्यावर उरलेल्या त्या प्रश्नाचे काय झाले तेही सांगतो. शाखेतल्या एका तरुण क्लार्कने ब्रिटनमधल्या एका अपघाताचा अहवाल मोबाइलवर शोधला आणि दोन रविवार बसून तो मला मराठीत सांगितला. ३ जुलै २०१९ रोजी वेल्समध्ये मार्गम येथे रुळावर काम करणारे दोन कामगार गाडीखाली मेले, तिसरा थोडक्यात वाचला. बोल्ट काढण्याचे यंत्र चालू होते, कानांवर आवाज अडवणारी झापडे होती, लाइन बंद केलेली नव्हती आणि झेंडीवाला नेमलेला नव्हता. त्यानंतर तिथे चालू लाइनवर केवळ माणसाच्या नजरेच्या भरवशावर काम करणे खूप कमी करण्यात आले. शक्य तिथे गाड्या थांबवूनच काम करायचे, असे धोरण आले.

हे मी गँगहटवर जाऊन सांगितले. तो गँगमन सगळे ऐकून म्हणाला, "म्हणजे तिकडंपण माणसं मेल्यावरच." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आणि आपल्याला ब्लॉक कोण देणार?"

गर्दीच्या सेक्शनमध्ये ब्लॉक मिळणे किती कठीण हे आपण सर्व जाणतो. तिकडचे सारेच इकडे लागू होणार नाही. आम्ही दोन मागण्या पीएनएमच्या विषयपत्रिकेवर घातल्या: यंत्र चालवायचे काम ब्लॉकशिवाय नको, आणि झेंडीवाल्याच्या हाती दुसरे कोणतेही काम नको. पहिलीवर अजून भांडण चालू आहे. दुसरी दोन पावसाळे पाठपुरावा केल्यावर मान्य झाली. आमच्या सेक्शनमध्ये आता झेंडीवाला फक्त झेंडी आणि शिट्टी सांभाळतो.

एवढे व्हायला विमानाचे तिकीट लागले नाही. एक प्रश्न, एक अहवाल आणि तो समजावून सांगणारा एक पोरगा लागला. पण तो अहवाल मी शिबिरातूनच आणला असता, तिथल्या ट्रॅक कामगाराला समोर बसवून विचारले असते, तर आमचे हे काम निदान एक पावसाळा आधी झाले असते. गँगमनच्या हिशेबात एक पावसाळा फार मोठा असतो. पुढच्या शिबिराला ज्यांची निवड होईल त्यांनी जाण्याआधी आपल्या शाखेच्या मागच्या बाकावर जाऊन बसावे, एवढीच माझी विनंती आहे.