माणूस घ्या, पण आधी आकडा ठरवा



धंदा जरा चालायला लागला की पहिला मोह कसला होतो? चांगला माणूस दिसला की घेऊन टाकायचा. "पगाराचं बघू नंतर." परवाच्या व्हिडिओत यावर बोलताना मी अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगचं उदाहरण घाईघाईत दिलं. आज ते नीट सांगतो.

एनबीएमध्ये टीमने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा, याची मर्यादा दरवर्षी ठरते. तिला सॅलरी कॅप म्हणतात. १९८४-८५ च्या हंगामात ती ३६ लाख डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती १४ कोटी ५ लाखांच्या वर गेली. हा आकडा कुणाच्या मनातून येत नाही. टीव्हीचे हक्क, तिकिटं वगैरेंतून लीगला जे उत्पन्न मिळतं, त्यातला साधारण अर्धा वाटा खेळाडूंचा, असा मालक आणि खेळाडूंच्या युनियनचा करार आहे. त्यावरून कॅप निघते. आधी उत्पन्न, मग पगार. आपण नेमकं उलटं करतो.

आता गंमत बघा. ही कॅप ओलांडता येते. आपल्याकडे तयार झालेला खेळाडू टिकवायचा असेल तर टीमला सवलत मिळते. लॅरी बर्ड या खेळाडूच्या नावावरून तिला 'बर्ड राइट्स' म्हणतात. पण एका रेषेपुढे गेलात की लक्झरी टॅक्स लागतो. आणि २०२३ च्या करारापासून त्याही वर 'सेकंड ॲप्रन' नावाची रेषा आली. ती ओलांडली की नुसते पैसे भरून सुटका नाही, हातच बांधले जातात. उदाहरणार्थ, दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणता येत नाही.

फिनिक्स सन्सचं हेच झालं. त्यांनी केव्हिन ड्युरँट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील असे तीन महागडे तारे एकत्र आणले. २०२४-२५ मध्ये ते लीगमधल्या सगळ्यात खर्चिक टीमपैकी एक होते. निकाल? ३६ विजय, ४६ पराभव, प्लेऑफही नाही. बीलचा करार ५ वर्षांचा, २५ कोटी १० लाख डॉलरचा, आणि वर त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या टीमला देता येणार नाही अशी अट. शेवटी २०२५ च्या जुलैमध्ये सन्सने त्याला करारातून मोकळं केलं आणि उरलेली देणी ५ वर्षांवर पसरवली. म्हणजे खेळाडू गेला, पण त्याचा पगार दरवर्षी हिशोबात बसणारच.

त्या टीमचा मालक अब्जाधीश आहे. तो हे सोसेल. तुम्ही-मी एका चुकीच्या नेमणुकीत सहा महिन्यांचं भांडवल घालवून बसतो.

पण थांबा. "सर, म्हणजे पगार दाबून ठेवायचे ना?" अजिबात नाही! एनबीएमध्ये वरच्या मर्यादेसारखी खालचीही मर्यादा आहे. टीमने कॅपच्या किमान ९० टक्के रक्कम पगारावर खर्च केलीच पाहिजे. कॅप म्हणजे कंजूषपणा नव्हे, ती वाटणीची शिस्त आहे. लीग कमावते तेव्हा खेळाडूही कमावतात, आणि हिशोब दोघांना दिसतो. आपल्याकडे मालक "यंदा परवडत नाही" म्हणतो, पण वही कधी उघडत नाही. मग माणूस का टिकेल?

माझं मत स्पष्ट आहे. छोट्या धंद्यात पगाराची मर्यादा उत्पन्नाच्या टक्क्यांत हवी, वरची आणि खालची दोन्ही. टक्का किती, ते तुमच्या धंद्यावर अवलंबून आहे. शिवणकामाचा वेगळा, किराणा दुकानाचा वेगळा. नव्या माणसाला सुरुवातीलाच मोठा शब्द देऊ नका. एनबीएमध्येही पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्या खेळाडूची पहिली दोनच वर्षं पक्की असतात, पुढची दोन टीमच्या निर्णयावर. पण जो तुमच्याकडे शिकून तयार झाला, त्याच्यासाठी गरज पडली तर मर्यादा ओलांडा. बर्ड राइट्स त्यासाठीच आहेत.

आज रात्री गल्ला मोजून झाला की एक काम करा. गेल्या तीन महिन्यांचं उत्पन्न लिहा, शेजारी पगार लिहा, टक्का काढा. तो आकडा समोर ठेवूनच पुढच्या माणसाला "उद्यापासून ये" म्हणा.