मनोरा वाचला, गाव बुडाले

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमा जिथे एकमेकींजवळ येतात तिथे, रेशेन नावाचे सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवरील या सरोवराच्या पाण्यातून चौदाव्या शतकातील एका चर्चचा दगडी मनोरा एकटाच वर आलेला दिसतो. प्रवासी त्याची छायाचित्रे घेतात. हिवाळ्यात सरोवर गोठले की लोक बर्फावरून चालत त्याच्यापर्यंत जातात. थंडीच्या रात्री पाण्याखालून घंटानाद ऐकू येतो, अशी दंतकथाही प्रचलित आहे. २०२० साली नेटफ्लिक्सने या गावाच्या नावाने एक भयकथामालिका काढली. वस्तुतः मनोऱ्यातील घंटा गाव बुडण्यापूर्वीच, जुलै १९५० मध्ये, उतरवल्या गेल्या होत्या. परंतु दंतकथा सोयीची असते. पाण्याखाली भुते आहेत असे म्हटले, की पाण्याखाली जमिनी आहेत हे सांगावे लागत नाही आणि त्या कोणी, कोणासाठी घेतल्या हा प्रश्नही उद्भवत नाही.

तो प्रश्न विचारणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. बुडालेल्या गावाचे नाव ग्राउन. पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. १९१९ च्या तहाने तो इटलीच्या हाती गेला. लोक जर्मनभाषक, व्यवसायाने पशुपालक शेतकरी. मुसोलिनीच्या राजवटीने त्यांच्या जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावे बदलली, ग्राउनचे कुरोन केले. जून १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्या सरकारांत करार झाला आणि या लोकांपुढे पर्याय ठेवण्यात आला: जर्मनीत निघून जा किंवा भाषा व ओळख सोडून इटलीत राहा. प्रत्येक घरात, प्रत्येक नात्यात फूट पडली. नेमक्या त्याच उन्हाळ्यात, जुलै १९३९ मध्ये, मोंटेकातिनी या बड्या रसायन कंपनीने धरणाचा नवा आराखडा पुढे आणला.

या आराखड्यातील एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खोऱ्यातील नैसर्गिक तळ्यांचे पाणी अडवून वीज निर्माण करण्याची कल्पना १९२० पासूनची होती. त्या पहिल्या योजनेत पाण्याची पातळी ५ मीटरने वाढणार होती. तेवढ्याने गाव बुडत नव्हते. नव्या आराखड्यात हा आकडा २२ मीटर झाला. दोन तळी एक होणार, संपूर्ण ग्राउन आणि शेजारच्या रेशेन गावाचा काही भाग पाण्याखाली जाणार, हे त्यातून निश्चित झाले. कायद्याप्रमाणे जाहीर सूचना लावली गेली, पण ती इटालियन भाषेत. ज्यांच्या घरादारावर पाणी फिरणार होते त्यांची ती भाषा नव्हती. मुदत संपली, हरकती आल्या नाहीत अशी नोंद झाली आणि एप्रिल १९४० मध्ये काम सुरू झाले. ज्याला वाचता येत नाही त्याला कागद दाखवायचा आणि त्याच्या मौनाला संमती म्हणायचे, ही रीत फॅसिझमच्याही आधीची आहे आणि फॅसिझमबरोबर ती संपलेली नाही.

महायुद्धामुळे काम रखडले. १९४५ मध्ये मुसोलिनीची राजवट नामशेष झाली, १९४६ मध्ये इटलीत प्रजासत्ताक आले, १९४८ मध्ये नवे संविधान अमलात आले. त्याच्या पहिल्याच कलमाने प्रजासत्ताकाचा पाया श्रम हा आहे असे घोषित केले. राजवट बदलली, परंतु ग्राउनची फाइल बदलली नाही. १९४७ मध्ये कंपनीने जुनाच आराखडा पुरा करण्याचे जाहीर केले. भांडवल अपुरे होते, ते स्वित्झर्लंडमधून आले: एका स्विस वीज कंपनीने ३ कोटी फ्रँक दिले आणि मोबदल्यात दहा वर्षे हंगामी वीज घेण्याचा करार केला. म्हणजे जमीन ग्राउनच्या शेतकऱ्याची, नफा मोंटेकातिनीचा आणि विजेचा काही वाटा सीमेपलीकडच्या ग्राहकाचा. गावाचे धर्मगुरू आल्फ्रेड रीपर यांच्या पुढाकाराने शिष्टमंडळ रोमला जाऊन पोप बाराव्या पायस यांनाही भेटले. निष्पन्न काही झाले नाही. ज्या गावाला राज्यसंस्थेत आवाज नसतो, त्याला अखेर आशीर्वादावर विसंबावे लागते.

१९५० मध्ये पाणी चढले. १६३ घरे आणि ५२३ हेक्टर कसलेली जमीन बुडाली. घरे सुरुंग लावून पाडली गेली, चर्चही पाडले गेले. मनोरा मात्र राखला, कारण तो पुरातन वास्तू म्हणून संरक्षित होता. या घटनेतील सर्वांत जळजळीत सत्य हेच आहे. अपवाद करणे सरकारला अशक्य नव्हते. जुन्या दगडांसाठी कायदा होता, तो पाळला गेला. त्या दगडांभोवती पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसांसाठी तसा कायदा नव्हता. त्यांपैकी अनेकांना गाव सोडावे लागले. उरलेल्यांपैकी कित्येकांनी शेजारच्या खोऱ्याच्या तोंडाशी उभारलेल्या तात्पुरत्या बराकींत दिवस काढले. पुढे काठावर नवे ग्राउन वसवले गेले. आज मनोऱ्याचे चित्र तेथील नगरपालिकेच्या मानचिन्हावर आहे.

नुकसानभरपाई मिळाली, ती तुटपुंजी होती. पण ती दुप्पट असती तरी हिशेब जुळला नसता. इतक्या उंचीवर हिवाळा दीर्घ असतो. जनावरे जगतात ती उन्हाळ्यात कापून साठवलेल्या गवतावर, आणि ते गवत देणारी सपाट कुरणे खोऱ्याच्या तळाशीच असतात. तळ बुडाला की वरच्या डोंगरावरची चराई असूनही नसल्यासारखी. गाय विकावी लागते, गायीबरोबर दूधदुभते जाते, दूधदुभत्याबरोबर तरुण जातात. बाजार जमिनीच्या तुकड्याची किंमत सांगतो. त्या तुकड्यावर उभी असलेली उत्पादनाची सबंध व्यवस्था त्याच्या खतावणीत मांडलीच जात नाही. तो तोटा प्रकल्पाच्या खर्चात धरला जात नाही आणि म्हणूनच प्रकल्प ‘फायद्याचा’ ठरतो.

येथे नेहमीचा आक्षेप येईल: युद्धोत्तर इटलीला विजेची निकड होती, तिच्याजवळ पुरेसा कोळसा नव्हता, मग देशाने अंधारात राहायचे होते काय? समाजवाद्यांचे विजेशी वैर नाही. परंतु ग्राउनचा वाद वीज हवी की नको असा नव्हताच. तो ५ आणि २२ यांमधील १७ मीटरांचा होता. त्या १७ मीटरांतून येणारी जादा वीज आणि त्यांखाली जाणारे गाव यांची तुलना करण्याचा अधिकार कोणाला, एवढाच प्रश्न होता. त्याचे वेगळे उत्तर त्याच दशकात, त्याच आल्प्समध्ये मिळाले होते. स्वित्झर्लंडच्या ऱ्हाइनवाल्ड खोऱ्यात श्प्ल्यूगन हे गाव बुडवणारे धरण योजले होते. तेथे पाण्यावरचा हक्क स्थानिक ग्रामसंस्थांचा होता. त्यांनी परवानगी नाकारली आणि १९४६ मध्ये संघ सरकारनेही धरण नामंजूर केले. श्प्ल्यूगन आजही उभे आहे आणि स्वित्झर्लंड अंधारात बुडालेला नाही. दोन गावांच्या नशिबातला फरक अभियांत्रिकीने घडवलेला नाही. एका गावाला नकाराचा अधिकार होता, दुसऱ्याला नव्हता.

महाराष्ट्राला हे परके वाटण्याचे कारण नाही. ग्राउनच्या कितीतरी आधी, १९२१ ते १९२४ या काळात, मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली हाच प्रश्न विचारला होता. तेथेही वीज कंपनी खासगी, वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि हत्यार १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे. स्वातंत्र्यानंतर तो कायदा आणखी सहासष्ट वर्षे टिकला. २०१३ च्या नव्या कायद्याने खासगी कंपनीच्या प्रकल्पासाठी बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्क्यांची संमती आवश्यक केली. सरकार स्वतः जमीन घेत असेल तर मात्र, अनुसूचित क्षेत्रे वगळता, अशा संमतीची अट नाही. आणि धरणे बहुधा सरकारच बांधते.

उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरले की पळसदेवच्या देवळाची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. २०२१ च्या वसंतात दुरुस्तीसाठी रेशेनचे पाणी कमी केले, तेव्हा ग्राउनच्या भिंती व पायऱ्या उघड्या पडल्या आणि तिची छायाचित्रे जगभर गेली. पाणी पुन्हा चढते, चित्र पुन्हा सुंदर होते. कार्यकर्त्यांनी त्या सौंदर्याला भुलू नये. देऊळ वा मनोरा शिल्लक राहणे हे गावाचे स्मारक नव्हे. ते स्मारक त्या कायद्याचे आहे, ज्याला दगड दिसले आणि माणसे दिसली नाहीत. कोणत्याही धरणाची उंची ठरण्यापूर्वी, लोकांच्या भाषेत, लोकांच्या सभेत, संपूर्ण हिशेब मांडला गेला पाहिजे आणि त्या सभेला ‘नाही’ म्हणण्याचा कायदेशीर अधिकार असला पाहिजे. भरपाईची भांडणे त्यानंतरची. हा अधिकार नसेल तर पुनर्वसनाची आश्वासने म्हणजे पाण्याखाली वाजणाऱ्या घंटाच आहेत: ऐकल्याचे सगळे सांगतात, पाहिलेल्या कोणीच नाहीत.